साडेपाचशे वर्षांचा पासवर्ड

मराठीतला सगळ्यात जुना मोठा गद्यग्रंथ साधारण साडेपाचशे वर्षं पासवर्ड लावून ठेवला होता, असं मी ऑफिसात सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठल्या साईटवर वाचलंस?" पण गोष्ट खरी आहे. ग्रंथाचं नाव 'लीळाचरित्र', पासवर्डचं नाव 'सकळ लिपी'. आणि हे कुलूप उघडणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या ठाण्याचा होता, वि. ल. भावे.

आता हा विषय माझ्या डोक्यात कुठून शिरला ते सांगतो. डोंबिवलीत आम्ही पाच-सहा जण महिन्यातून दोन रविवार एकत्र बसून वाचतो. दोन आयटीवाले, एक बँकेतला, एक संस्कृत शिकवणाऱ्या काकू, एक निवृत्त रेल्वेवाले. विषय ठरलेला: गुह्य साहित्य. तंत्र, नाथपंथ, मादाम ब्लाव्हाट्स्की, रसायनविद्या, जे हाताला लागेल ते. आमच्यात एकही साधक नाही, सगळे नुसते वाचक. वर्षभर असं इकडचं तिकडचं वाचल्यावर काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "अरे, जगभरातली गुपितं वाचताय, मराठीतलं सगळ्यात मोठं गुपित कधी वाचणार?" तिथून महानुभाव सुरू झाले.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी.

महानुभाव पंथ तेराव्या शतकातला, यादवांच्या काळातला. प्रवर्तक चक्रधरस्वामी. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. ते निघून गेल्यावर शिष्यमंडळी विदर्भात ऋद्धिपूरला (आजच्या अमरावती जिल्ह्यात) चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याजवळ जमली. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, केसोबास ही त्यातली मोठी नावं. तिथे जे झालं ते मला आजच्या भाषेत एक जबरदस्त डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट वाटतं. म्हाइंभट मूळचे वादविवादात मुरलेले विद्वान. त्यांनी ठरवलं की स्वामींची प्रत्येक आठवण गोळा करायची. मग ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं होतं त्याच्याकडे ते स्वतः गेले, गावोगाव फिरले, विचारून विचारून आठवणी टिपल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्यातून साधारण १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' उभं राहिलं. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय बोलले, कोण रुसलं, कोण हसलं, सगळं. ज्ञानेश्वरीच्या आधीची बोलती मराठी आपल्याला ऐकू येते ती या पुस्तकातून.

केसोबासांनी चक्रधरांची वचनं वेगळी काढून 'सूत्रपाठ' बांधला, आणि त्यांनी दिलेले ११४ दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त मांडले. प्रत्येक दृष्टांताची रचना ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो सूत्राला कसा लागू पडतो त्याचा उलगडा. हत्ती आणि आंधळे ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यातही आहे. हे सगळं एकट्याने वाचायचं साहित्य नव्हतं हे रचनेवरूनच कळतं. एकाने सूत्र सांगायचं, दुसऱ्याने शंका काढायची, तिसऱ्याने उलगडायचं. महदाइसा तर प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध. थोडक्यात, तेराव्या शतकातलं चर्चामंडळच म्हणा ना.

आणि भाषा? मुद्दाम मराठी. केसोबासांसारखे संस्कृत पंडित हाताशी असताना नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिलं तर साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. सगळ्यांना कळावं म्हणून ज्यांनी भाषा बदलली, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी कोणाला कळू नये म्हणून लिपी बदलली.

असं का झालं?

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचं राज्य कोसळलं. १२९६ ला अल्लाउद्दीनाची पहिली स्वारी, नंतर १३०७, आणि १३१८ पर्यंत यादव संपले. पंथाची परंपरा सांगते की त्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाली. बॅकअप नव्हता! मग ज्यांना ज्यांना जेवढं पाठ होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा जुळवला गेला. साहजिकच पाठभेद झाले. इथे त्या मंडळींनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी एकच 'खरी' आवृत्ती ठरवून बाकीच्या फेकून दिल्या नाहीत. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, अशी नोंद पोथीतच ठेवली. या पाठभेदाला त्यांचा शब्द आहे 'वासना'. आम्ही व्हर्जन कंट्रोल म्हणून ज्याचा टेंभा मिरवतो ते हेच :)

या सगळ्यानंतर चौदाव्या शतकात सकळ लिपी आली. ती रवळोबासांनी बनवली असं मानतात. पुढे पंथाच्या वेगवेगळ्या आम्नायांनी आपापल्या लिप्या केल्या: सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, वज्रलिपी... अशा वीस-पंचवीस तरी. पण सगळ्यात जास्त चालली ती सकळ. कारणं वेगवेगळी दिली जातात. कोणी म्हणतं परकीय स्वाऱ्यांची भीती, कोणी म्हणतं वर्णाश्रमवाल्यांचा विरोध (हा पंथ वेदप्रामाण्य मानत नव्हता, बायकांना आणि सगळ्या जातींना संन्यास देत होता), कोणी म्हणतं पवित्र वचनं अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून. मला तिन्ही पटतात. माणूस एकाच कारणाने कुलूप लावत नाही.

आता माझ्या धंद्याचा भाग. :)

ही लिपी तांत्रिकदृष्ट्या किती भक्कम होती? उत्तर: फारशी नाही. तिचा गाभा म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर, आणि जोडीला काही वेगळी चिन्हं. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे सांकेतिक लिहिणं-बोलणं ही एक कला आहे, आणि 'जयमंगला' टीकेत त्याचे प्रकार दिलेत. त्यातल्या 'मूलदेवीय' नावाच्या प्रकारात त-वर्ग आणि प-वर्ग यांची अदलाबदल होते. म्हणजे त च्या जागी प, प च्या जागी त, न च्या जागी म, म च्या जागी न. 'नमन' लिहायचं तर 'मनम' लिहायचं, 'तप' लिहायचं तर 'पत'. करून बघा, मजा येते.

असा संकेत फोडायची रीत बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती: मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा आणि भाषेच्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडून बघा. आम्ही मंडळात खेळ म्हणून हे केलं. मी एका वर्तमानपत्राच्या लेखातली व्यंजनं छोट्या प्रोग्रामने आपसात बदलली आणि छापून सगळ्यांच्या हातात दिली. कम्प्युटर न वापरता, कागद-पेन्सिल घेऊन. 'आहे', 'आणि' आणि 'च्या' पहिल्या तासात पकडले गेले. मग एकेक शब्द दुसऱ्याला वाट दाखवू लागला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत लेख सुटला. सगळ्यात जास्त अक्षरं रेल्वेवाल्या काकांनी सोडवली. ते रोज शब्दकोडं सोडवतात. 'लीळाचरित्रा'त तर 'सर्वज्ञ म्हणाले' या अर्थाचे शब्द पानोपानी येतात. तेवढे दोन शब्द ओळखता आले की निम्मं काम झालं.

मग इतकं साधं कुलूप साडेपाचशे वर्षं टिकलं कसं?

कारण ते कुलूप कधी एकटं नव्हतं. पोथी मठात, मठ पंथाचा, पोथी हातात मिळायची ती दीक्षा घेतलेल्याला, आणि लिपी शिकवायचे ते गुरू समोर बसवून. बाहेरच्या माणसाच्या हाती मोजायला पुरेसा मजकूरच येत नव्हता. १८८३ मध्ये केर्कहॉफ्सने लष्करी संकेतांसाठी नियम सांगितला की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, फक्त किल्ली लपली पाहिजे. महानुभावांच्या बाबतीत किल्ली म्हणजे अक्षरांचा तक्ता नव्हताच. किल्ली म्हणजे विश्वासाने एकत्र बसणारी माणसं. हा पंथ पुढे पंजाबात गेला, तिथे 'जयकृष्णी' म्हणून ओळखला गेला, त्याचे अनुयायी पार काबूलपर्यंत होते, आणि तिथेही त्यांचे धर्मग्रंथ मराठीच राहिले. माणसांची साखळी असली की लिपी कुठेही वाचली जाते.

पण या गुप्ततेची किंमत मोजावी लागली, आणि ती मोजली पंथानेच.

जे दिसत नाही त्याच्याबद्दल लोक गोष्टी रचतात. काळे कपडे घालणारे, स्वतःच्याच लिपीत लिहिणारे, देवळातल्या देवांपुढे न झुकणारे हे लोक नक्की करतात तरी काय? मग अफवा. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी सहज असायची, तिने उभ्या आयुष्यात एक महानुभाव पाहिला नसताना. (आणि हा पंथ अहिंसेबाबत इतका काटेकोर, की ही म्हण त्यांच्यावरच बेतावी म्हणजे कमाल आहे.) १७८२ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात पेशवे दरबारातून त्यांच्याविरुद्ध हुकूम निघाला. त्यांच्या बाजूने बोलू शकेल असा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे त्यांचं साहित्य, आणि तोच कुलपात होता. आरोपी निर्दोष आणि पुरावा एन्क्रिप्टेड!

इथे जरा मुंबईत डोकावू. १६ फेब्रुवारी १८७९ ला मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं. १८८२ च्या डिसेंबरात ते मद्रासजवळ अड्यारला गेले, पण तोवर मुंबईत गुह्य ज्ञानावर चर्चा करणारं एक मंडळ उभं राहिलं होतं. त्यात आपले तुकाराम तात्या पडवळ होते. १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे, ज्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती महात्मा फुल्यांनी काढली, तेच हे. थिऑसॉफीत आल्यावर त्यांनी पातंजल योगसूत्रांची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ती छापली, तुकारामांची गाथा छापली. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो, कारण गुह्य वाङ्मयावरच्या चर्चेचं त्याने काय केलं, तर पुस्तकं छापली आणि लोकांच्या हाती दिली. पण गंमत बघा, मंडळातले बाकीचे तिबेटातल्या अदृश्य महात्म्यांच्या पत्रांची वाट बघत होते (ती पत्रं बनावट आहेत असा अहवाल हॉजसनने १८८५ मध्ये दिला), आणि त्याच वेळी खरंखुरं गुप्त साहित्य, तेही मराठीत, विदर्भ-मराठवाड्यातल्या मठांत फडक्यात बांधून पडलं होतं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ते लक्ष गेलं ते ठाण्यातून आणि पुण्यातून.

१ जून १८९३ ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. वि. ल. भावे आणि वि. भा. पटवर्धन हे त्यामागचे मुख्य लोक. भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे! वाचनालयं आधीही होती, आमच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. पण ठाणेकरांची कल्पना वेगळी होती: फक्त मराठी पुस्तकं, आणि छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक जमवायचं. भावे शिकले विज्ञान, घरचा व्यवसाय मिठाचा, आणि वेड जुन्या मराठी वाङ्मयाचं. ज्यांना ऑफिस सांभाळून शनिवार-रविवार काहीतरी भलतंच करायची खोड आहे, त्यांचे ते आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही. १८९८ मध्ये त्यांचं 'महाराष्ट्र सारस्वत' पहिल्यांदा आलं, मराठी वाङ्मयाचा इतिहास म्हणून. १९१९ मध्ये ते बरंच वाढून पुन्हा आलं.

दरम्यान महानुभावांच्या पोथ्या हाती येऊ लागल्या होत्या. इतिहासाचार्य राजवाडे (ज्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं) आणि भावे या दोघांनी सकळ लिपीचा उलगडा करून ते साहित्य पंथाबाहेरच्या वाचकांपुढे आणलं. भाव्यांनी महानुभाव कवींची आणि ग्रंथांची यादी केली, दामोदर पंडितांचं 'वच्छाहरण', भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपाळवध' ही काव्यं ठाण्याहून छापली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, मग वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे अशी रांगच लागली. नेन्यांनी १९३० च्या दशकात 'लीळाचरित्र' भागाभागांनी छापायला घेतलं. भावे आणि राजवाडे दोघेही १९२६ मध्येच गेले होते. त्यांना ते छापील रूपात बघायला मिळालं नाही.

लिपीचा तक्ता जुळवणं हा या कामाचा छोटा भाग होता (आम्ही चहापर्यंत लेख सोडवला होता हे आठवा). मोठा भाग होता पोथी मिळणं. मठातली पोथी महंतांनी काढून समोर ठेवली तरच वाचता येणार. म्हणजे साडेपाचशे वर्षांनी बाहेरच्या माणसाला त्या वर्तुळात बसायची जागा कोणीतरी दिली. कुलूप बाहेरून तोडलं गेलं नाही. आतल्यांनी दार किलकिलं केलं आणि बाहेरच्यांनी चपला काढून आत पाऊल टाकलं.

आणि उघडल्यावर काय निघालं? जारणमारण नाही, मंत्रतंत्र नाही. निघाली एक माणसांनी गजबजलेली तेरावं शतकातली मराठी दुनिया: वाटेवरची देवळं, शेतकरी, भांडणारे शिष्य, हट्टी बायका, जेवणाचे पदार्थ. महदाइसेच्या धवळ्यांमुळे मराठीला तिची आद्य कवयित्री मिळाली. म्हणीतल्या त्या 'मानभावा'चा खरा चेहरा दिसला.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. १९७८ मध्ये कोलत्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं आणि पंथातल्या काहींनी त्यातल्या काही लीळांना जोरदार हरकत घेतली. वाद कोर्टात गेला. यावर आमच्या मंडळात दोन रविवार खडाजंगी झाली. बँकेतल्या मित्राचं म्हणणं, ज्यांचा धर्मग्रंथ आहे त्यांनी तो कोणाला दाखवायचा ते त्यांनी ठरवावं, आपल्याला भाषेच्या इतिहासाची हौस आहे म्हणून त्यांच्या देवघरात शिरायचा हक्क मिळत नाही. काकूंचं म्हणणं, नागदेवाचार्यांनी मराठी धरली ती म्हाताऱ्या बायकांसाठी, आणि मी म्हातारी बाई आहे, तेव्हा मला अधिकार आहे! (यावर कोणाला उत्तर सुचलं नाही.)

मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण कौल द्यायचाच तर काकूंच्या बाजूने. कारण गुप्ततेने ग्रंथ वाचवला हे अर्धंच खरं आहे. मूळ प्रत गेली तेव्हा लिपी नव्हतीच, वाचवलं ते पाठ असणाऱ्या लोकांनी. आणि नंतर लिपी होती तेव्हा तिने पोथी सांभाळली पण पंथाची अब्रू सांभाळली नाही. ती परत मिळायला लागली उघडल्यावरच. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी जे जुने ग्रंथ पुढे केले गेले त्यात 'लीळाचरित्र' होतं. त्याच वर्षी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेही ऋद्धिपूरलाच. ज्यांना दरबारातून हुकूम काढून बाहेर ठेवलं, त्यांच्याच गावात आता मराठीचं विद्यापीठ आहे.

जाता जाता एक गोष्ट सतावते. मोडी लिपी कोणी लपवली नव्हती. ती दरबाराची, बाजाराची, घरच्या हिशेबाची लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जायची. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. म्हणजे तांत्रिक अडचण शून्य. तरी पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल वाचकाची वाट बघत बांधलेले आहेत, आणि आपल्यातल्या बहुतेकांना पणजोबांचं एक पत्रही वाचता येत नाही. सकळ लिपी मुद्दाम गुप्त केली होती, तरी वाचणारी माणसं होती म्हणून ती जिवंत राहिली. मोडी उघड्यावर ठेवून आपण गुप्त करून टाकली.

तेव्हा घरातल्या जुन्या ट्रंकेत मोडीतला कागद सापडला तर रद्दीत देऊ नका. चार जण जमवा आणि वाचायला बसा. अल-किंदीची रीत वर दिलीच आहे. :)